५० वर्षांची बाइक 'मूळ रूपात' हवी, पण तिचे पार्ट बनवणार कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दुप्पट केलं. दुचाकीला १,००० ऐवजी २,००० रुपये, कारला ५,००० ऐवजी १०,००० रुपये. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वडिलांनी ती बातमी टाकली आणि खाली एकच ओळ लिहिली: "गोठ्यातलीचं काय करायचं?"

गोठ्यातली म्हणजे आजोबांची येझदी २५०. नोंदणी १९७४ ची. आजोबा साखर कारखान्यात टाइमकीपर होते आणि कोल्हापूरजवळच्या आमच्या गावातून रोज याच गाडीवर कामाला जायचे. ते गेल्यावर गाडी गोठ्यात गेली आणि तिच्यावर आधी पोती, मग कडबा, मग कोंबड्या आल्या. इंजिन अजून सुटं फिरतं. टाकी आतून गंजली आहे, पण वाचेल. मागचं मडगार्ड मात्र सीटखाली जिथे बोल्टने बसतं तिथे इतकं खाल्लं गेलंय की बोट आरपार जातं.

मी पुण्यात राहतो, फोन आणि गॅजेट्सवर लिहितो. मला वाटलं, एक मडगार्ड ते काय, ऑनलाइन मागवू. गेल्या काही महिन्यांत त्या एका मडगार्डने मला मोटार वाहन कायदा, थ्रीडी स्कॅनिंग, थोडी भूमिती आणि पत्र्याचा स्वभाव असं सगळं शिकवलं. तेच इथे सांगतो, कारण हा प्रश्न फक्त जुन्या बाइकवाल्यांचा नाही. तुमच्या हातातला फोन काही वर्षांनी याच रांगेत उभा राहणार आहे.

आधी नियम बघू

जुलै २०२१ मध्ये सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर मालिका आहे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर पडू शकते. बदल्यात ती भंगारात काढण्याच्या धोरणातून सुटते.

या नियमात एक अट आहे आणि माझं सगळं प्रकरण तिथेच अडलं. गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये फेरबदल करून तिची मोठी 'ओव्हरहॉल' झालेली नसावी.

वाचायला एकदम सरळ. पण ५० वर्षं कोकणाच्या वाऱ्यात, देशावरच्या धुळीत आणि आमच्यासारख्या गोठ्यात काढलेली लोखंडी वस्तू मूळ रूपात राहते कशी? कोणीतरी तिचा कुजलेला भाग कापून तसाच नवा भाग बनवून लावतो, म्हणून राहते. म्हणजे नियमाला जे मूळ रूप हवंय ते टिकवणारा माणूस कारखान्यात नाही, गल्लीतल्या शेडमध्ये बसलाय. आणि त्या माणसाचा उल्लेख नियमात कुठेच नाही.

दुसरी बाजू कस्टम गाड्यांची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पोलीस मॉडिफाइड सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतात त्या रील्स तुम्ही पाहिल्या असतीलच.

पण कलम ५२ मध्येच 'बदल' या शब्दाचा खुलासा आहे: गाडीच्या रचनेत असा फरक, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. माझ्या समजुतीप्रमाणे इथे रेघ बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मागची फ्रेम कापून, सीट खाली आणून, मडगार्ड उडवून बॉबर बनवलात तर तो बदल. कुजलेल्या मडगार्डच्या जागी त्याच मापाचं, त्याच आकाराचं, त्याच बोल्टवर बसणारं हाताने घडवलेलं मडगार्ड लावलंत तर ती दुरुस्ती. हत्यारं दोन्हीकडे तीच, कारागीरही बऱ्याचदा तोच. अडचण ही की दुरुस्ती झाली, बदल नाही, हे दाखवायला तुमच्याकडे काय असतं? बहुतेकांकडे काहीच नाही. साधं बिलसुद्धा नाही.

कंपनीच नाही तर पार्ट मागायचा कोणाकडे

येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव परत आलं, पण नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. जुन्या टू-स्ट्रोकशी त्यांचा पार्टांपुरता काही संबंध नाही. जुन्या येझदीचा किक मारायचा दांडाच आत वळवला की गिअरचा दांडा व्हायचा. असली गंमत आता कोणी बनवत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. कल्पना चांगली आहे: कंपनीने सुट्ट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला द्यावी. फोन किती सहज दुरुस्त होतो याचे गुण ठरवून ते ग्राहकाला दाखवावेत, असा प्रस्तावही एका समितीने २०२५ मध्ये दिला. युरोपियन युनियनने तर जून २०२५ पासून सक्ती केली की फोनचं मॉडेल विकणं थांबवल्यावरही ७ वर्षं त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत.

पण हे सगळं कंपनी जिवंत आहे असं गृहीत धरून चाललंय. ७ वर्षांनंतर काय, आणि कंपनीच नाही तर काय, याचं उत्तर यातल्या कशातच नाही. जुन्या बाइकवाल्यांनी ते उत्तर आपापलं शोधलंय, म्हणून त्यांच्याकडे बघायचं.

मी आधी चुकीचं उत्तर शोधलं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १,८०० रुपयांना 'येझदीला फिट' म्हणून मडगार्ड मागवलं. ते आलं. चार भोकांपैकी दोन जुळली. वक्रता चाकाशी इतकी फटकून होती की मागून बघितलं तर गाडीने दुसऱ्याची टोपी घातल्यासारखी दिसायची. परत घेतलं नाही. ते आता घरी पपईच्या रोपाला आडोसा म्हणून उभं आहे.

फोनने स्कॅन केलं, आणि सहा मिलिमीटर कुठे गेले

मग माझ्यातला गॅजेटवाला जागा झाला. इचलकरंजीत एका ओळखीच्या काकांकडे त्याच काळातली येझदी आहे, मागचं मडगार्ड अजून कंपनीचं. म्हटलं त्याचं थ्रीडी स्कॅन करू.

फोनने स्कॅन दोन प्रकारे होतं. एक लायडार: फोन अदृश्य प्रकाश सोडतो आणि तो परत येण्याच्या वेळेवरून अंतर मोजतो. आयफोनमध्ये हे १२ प्रोपासून आलं. खोलीचं माप घ्यायला ठीक, पण चूक सेंटिमीटरच्या घरात जाऊ शकते. मडगार्डला त्याचा उपयोग नाही. दुसरा प्रकार फोटोग्रामेट्री: वस्तूभोवती फिरत खूप फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान दोन तृतीयांश भाग परत यायला हवा. मग पॉलिकॅम किंवा रिॲलिटीस्कॅनसारखं ॲप सगळ्या फोटोंत तोच ठिपका शोधतं आणि कोणता ठिपका किती सरकला यावरून तो हवेत नक्की कुठे आहे ते ठरवतं. आपले दोन डोळे खोली ओळखतात तेच हे, फक्त दोनऐवजी दीडशे डोळे.

यात दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडलो. पहिला चकाकीचा. क्रोम किंवा चकचकीत रंगावर ॲपला ठिपका म्हणून जे दिसतं ते खरं तर खिडकीचं प्रतिबिंब असतं. तुम्ही हललात की तेही हलतं, आणि स्कॅनमध्ये पृष्ठभागावर फोड आल्यासारखे उंचवटे येतात. उपाय सोपा आहे, पातळ टाल्कम पावडर फुंकायची. काकूंनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती मी विसरणार नाही.

दुसरा खड्डा मापाचा. फोटोग्रामेट्रीला आकार कळतो, मोठेपणा कळत नाही. खेळण्यातली येझदी आणि खरी येझदी तिला सारखीच. म्हणून स्कॅनमध्ये ओळखीच्या लांबीची एखादी वस्तू ठेवायची आणि त्यावरून बाकीचं माप लावायचं. मी १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवली होती. स्क्रीनवर तिची टोकं पकडताना माझी जेमतेम १ मिलिमीटरची चूक झाली. मडगार्डची कमान साधारण ९० सेंटिमीटर, म्हणजे पट्टीच्या सहापट. चूकही सहापट झाली. मला याचा पत्ताच नव्हता. मी ऐटीत फाइल घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो.

"ह्यो मोठा झालाय"

उद्यमनगर म्हणजे लेथ, वेल्डिंग, पॅटर्न आणि पत्र्याच्या शेकडो लहान शेडची वस्ती. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत देशभरातल्या गाड्यांचे भाग ओतले जातात, त्या सगळ्याचं कूळ अशाच शेडमध्ये. कोल्हापूरला ही खोड जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना बरोबर घेऊन सिनेमाचा कॅमेरा याच शहरात स्वतः घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. कॅमेरा मिळत नाही तर बनवू, हा इथला स्वभाव.

मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळे मामा म्हणतात. वय सत्तरीकडे झुकलेलं. एकेकाळी बस बॉडी बांधायचे, आता जुन्या बाइक आणि अधूनमधून एखादी ॲम्बेसेडर. शेडमध्ये एक ऐरण, वाळू भरलेली चामड्याची पिशवी, लाकडी मोगऱ्या, वेगवेगळ्या पोटाच्या लोखंडी डॉल्या आणि एक इंग्लिश व्हील. इंग्लिश व्हील म्हणजे वर मोठं सपाट चाक, खाली लहान गोलसर चाक. मधून पत्रा मागेपुढे ओढला की तो दाबून ताणला जातो.

मी लॅपटॉपवर थ्रीडी मॉडेल फिरवून दाखवलं. मामांनी ते पाहिलं, माझं कुजलेलं मडगार्ड उचललं, त्याच्या कमानीवरून एक दोरा ताणून गाठ मारली आणि म्हणाले, "ह्यात किती भरतंय सांग." मी मॉडेलमध्ये तेवढीच लांबी मोजली. सहा मिलिमीटर जास्त.

"ह्यो मोठा झालाय," मामा म्हणाले. "फोटू काढ की रं, पण आधी हात लावून बघत जा."

स्कॅन मात्र टाकून दिलं नाही. माप सुधारून मॉडेलचे आडवे काप घेतले, ते एमआयडीसीतल्या एका लेझर कटिंगवाल्याकडून एमडीएफमध्ये कापून आणले आणि खाचेत खाच बसवून मडगार्डचा लाकडी सांगाडा तयार केला. आधी हे काम फर्मे काढून, घासून, परत लावून बघत आठवडाभर चालायचं. आता एका संध्याकाळीत झालं. मामांना सांगाडा मनापासून आवडला. इथे तंत्रज्ञानाने खरंच वेळ वाचवला आणि मी ते मान ताठ करून सांगतो.

पत्रा ऐकत का नाही

मला वाटत होतं सांगाडा झाला म्हणजे निम्मं काम झालं. तसं नसतं.

एक कागद घ्या. नळीभोवती गुंडाळा, मस्त बसतो. आता तोच चेंडूवर बसवा. सुरकुत्या पडतात किंवा फाटतो. गाउस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये हे सिद्ध केलं: सपाट पृष्ठभाग न ताणता, न आखडता दोन दिशांनी एकदम वळवता येत नाही. जगाचा नकाशा सपाट कागदावर काढला की ग्रीनलँड अवाढव्य दिसतं, त्याचं कारण हेच. मडगार्ड चाकाबरोबर लांबीत वळतं आणि रुंदीतही वळतं. म्हणजे पत्र्याचा मधला भाग ताणून मोठा करावा लागतो आणि कडा दाबून लहान कराव्या लागतात. मामांच्या भाषेत, "पोट फुगवायचं, कड गोळा करायची."

कारखान्यात हे काम प्रेस करतो. नर-मादी साच्यांमध्ये पत्रा ठेवला, धाडकन दाबला, काही सेकंदांत मडगार्ड बाहेर. पण साच्याची किंमत लाखांत जाते आणि ती हजारो नगांवर वाटली तरच परवडते. एका मडगार्डसाठी साचा कोण करणार? म्हणून मोगरी.

मामांनी १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा कापला. वाळूच्या पिशवीवर मोगरीने पोट ठोकायला घेतलं. सुरुवातीला आवाज बसका, थड थड. तासाभराने तो चढला, टण टण वाजायला लागला. मी मूर्खासारखा व्हिडिओ काढत होतो. मामा थांबले. "आता ह्यो कडक झाला. अजून ठोकलास तर फाटंल."

हे काय झालं? धातू थंड असताना ठोकला की त्याच्या स्फटिकांच्या रचनेत गुंता वाढत जातो आणि तो कडक होतो. पुण्यात तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठाराचे ठोके पडतात ते नक्षीसाठी तर असतातच, पण त्यांनी भांडं टणकही होतं. तोच गुण इथे आडवा येतो. मग पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा आणि सावकाश गार होऊ द्यायचा, की गुंता सुटतो आणि पत्रा परत नरम पडतो. ॲल्युमिनियमला ही सोय नाही, ते लाल न होताच वितळून जातं. म्हणून जुने कारागीर ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीने आधी त्यावर काजळी धरतात आणि मग साध्या ज्योतीने तापवतात. काजळी उडून गेली की धातू नरम झाला असं समजायचं. थर्मामीटर लागत नाही.

एका जागी पत्रा जरा जास्तच ताणला गेला आणि टम्म फुगला. मला वाटलं आता संपलं. मामांनी तेवढाच रुपयाएवढा भाग लाल केला, चार हलके ठोके दिले आणि ओलं फडकं दाबलं. चर्र झालं, फुगवटा बसला. तापलेल्या भागाला पसरायला जागा नसते, तो जाड होतो. गार होताना आखडतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो.

आता विचार करा, यातलं माझ्या स्कॅनमध्ये काय होतं? शेवटचा आकार. कुठून सुरू करायचं, कधी थांबायचं, आवाज बदलला म्हणजे काय, फुगवटा आला तर काय, यातलं एक अक्षर नाही. मडगार्ड तीन दिवसांत झालं. मजुरी, पत्रा आणि वेल्डिंग मिळून ४,५०० रुपये. चारही भोकं जुळली.

रोबो हे शिकतोय

हे ज्ञान फक्त आपल्याकडे दुर्मीळ होतंय असं नाही, आणि त्याची किंमत फक्त आपल्यालाच कळलीय असंही नाही. फोर्डने २०१३ मध्येच साच्याशिवाय पत्रा घडवायचं यंत्र दाखवलं होतं: पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी दोन टोकदार दांडे थोडं थोडं दाबत आकार काढतात. अमेरिकेतली मशिना लॅब्स ही कंपनी आज तेच दोन रोबो-हातांनी करते. दाब किती पडला, पत्रा किती मागे उसळला, हे सेन्सर मोजतात आणि त्या डेटावर संगणक पुढची चाल ठरवायला शिकतो. थोडक्यात, मामांचा कान आणि मनगट आकड्यांत आणायचा प्रयत्न.

मला याची भीती वाटत नाही. उलट एका नगासाठी साचा नको, ही तर जुन्या गाडीवाल्यांची जुनी मागणी. मला खटकतं ते वेगळंच. तिकडे एकेक ठोका नोंदला जातोय आणि इकडे उद्यमनगरात मामांच्या हाताखाली गेली काही वर्षं एकही पोरगा टिकलेला नाही. पत्र्याच्या कामाला कष्ट जास्त, कानांना त्रास, पैसा उशिरा. पोरं डिलिव्हरीला जातात, त्यांचं चुकत नाही. पण मामा थांबले की त्या शेडमधलं ज्ञान कुठल्याच क्लाउडवर सापडणार नाही.

काय बनवून घ्यायचं आणि काय नाही

इथे थोडं दरडावून सांगतो. मडगार्ड, टूलबॉक्स, साखळीचं कव्हर, हेडलाइटची कड असे भाग हाताने बनवून घ्या, खुशाल. ब्रेकचा दांडा, चाकाचा स्पिंडल, फोर्कची पकड, यांना हात लावू देऊ नका. दिसायला सारखा झाला म्हणजे तो भार सोसेल असं नसतं.

पोर्शने ९५९ या गाडीचा क्लच रिलीज लिव्हर थ्रीडी प्रिंटिंगने बनवला. गाड्याच मुळात २९२ बनल्या होत्या, पार्ट संपले होते. स्टीलची पावडर लेझरने वितळवत थरावर थर चढवून त्यांनी तो केला. पण मग त्यावर जवळपास ३ टनांचा भार देऊन पाहिला आणि आतून कुठे पोकळी नाही ना, हे टोमोग्राफीने, म्हणजे हॉस्पिटलातल्या सीटी स्कॅनसारख्या तपासणीने बघितलं. एवढं करायची तयारी असेल तर जीवावर बेतणारा पार्ट बनवा. आपल्या गल्लीत ती सोय नाही.

ओतीव भाग बनवताना अजून एक फसगत होते. जुना ॲल्युमिनियमचा भाग तसाच वाळूत दाबून साचा केला तर नवा भाग लहान येतो, कारण गार होताना ॲल्युमिनियम साधारण १.३ टक्के आखडतं. २०० मिलिमीटरच्या कव्हरला हा फरक अडीच मिलिमीटरच्या पुढे जातो आणि एकही भोक जुळत नाही. जुने पॅटर्नवाले यासाठी मुद्दाम मोठ्या खुणांची वेगळी पट्टी वापरत. तुम्ही थ्रीडी प्रिंट काढून पॅटर्न करणार असाल तर सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल १.०१३ पट करा, काम झालं. अमेरिकन सूत्रसंचालक जे लेनो यांच्या गॅरेजमध्ये १९०७ च्या वाफेवर चालणाऱ्या गाडीचा झिजलेला भाग असाच स्कॅन करून, प्लास्टिकमध्ये छापून, त्यावरून पुन्हा धातूत बनवला होता.

आणि पेट्रोलची टाकी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वेल्डिंगला जास्त धोकादायक, कारण आत वाफ उरलेली असते. जो माणूस ती नीट धुऊन, पाण्याने भरून मगच ज्योत लावतो त्याच्याकडेच द्या. घाई करणाऱ्याकडून टाकी उचला आणि घरी या.

फोनचा खरा उपयोग

मडगार्ड झाल्यावर मी मामांकडे बिल मागितलं. ते हसले. त्यांच्याकडे बिलबुक आहे, पण शेवटचं पान कधी फाडलं ते आठवत नव्हतं. मी तिथेच बसून लिहून घेतलं: तारीख, गाडीचा नंबर, कोणता भाग, कुठल्या जाडीचा पत्रा, जुन्या भागाच्या मापाने बनवला. खाली त्यांची सही आणि शिक्का. जुन्या मडगार्डचे पट्टी धरून काढलेले फोटो, नव्याचे तसेच फोटो, इचलकरंजीच्या गाडीचं स्कॅन, सगळं एका फोल्डरमध्ये. कुजलेलं मडगार्ड भंगारवाल्याला दिलं नाही, पोत्यात बांधून ठेवलंय. चासी आणि इंजिनवरचे नंबर मात्र जसे आहेत तसेच ठेवा, त्यावर कानसही फिरू देऊ नका. ते खोडले गेले तर कुठलंच बिल वाचवणार नाही.

उद्या कोणी विचारलं की गाडी मूळ रूपात आहे का, तर माझ्याकडे दाखवायला काहीतरी आहे. अधिकारी ते मान्य करेलच याची हमी मी देत नाही, कारण नियमात हाताने बनवलेल्या सुट्या भागाबद्दल स्पष्ट ओळच नाही. ती यायला हवी, असं माझं मत आहे: कंपनीचा पार्ट उपलब्ध नसेल तर मूळ मापाचा, भार न घेणारा, नोंद असलेला हस्तनिर्मित भाग दुरुस्ती म्हणून धरावा. एवढ्या एका वाक्याने मामांसारख्यांना बिलबुक परत उघडावं लागेल आणि त्यांच्या कामाला कागदावर जागा मिळेल. आज नियमाला त्यांचं काम हवंय, पण दिसायला नकोय.

आम्ही घरी ठरवलं की आत्ता विंटेजच्या २०,००० च्या फंदात पडायचं नाही. विंटेज झाली की आजोबांची गाडी शेतापर्यंत नेणंसुद्धा नियमात बसवायला लागेल. साधं नूतनीकरण करू आणि मडगार्डचे कागद जपून ठेवू. वडिलांचं मत वेगळं आहे, ग्रुपवर वाद चालू आहे.

त्या तीन दिवसांत मी फोनवर ४१ छोट्या क्लिप काढल्या. पहिल्या दिवशीच्या बहुतेक वाया गेल्या, कारण कॅमेरा आकारावर होता आणि हात चौकटीबाहेर. दुसऱ्या दिवसापासून फोन ऐरणीच्या उंचीवर लावला, मामांच्या मनगटाच्या बाजूने, माइक पत्र्याजवळ. ठोक्याचा आवाज कधी चढला ते त्यात नीट ऐकू येतं. मामांना दाखवलं तर त्यांनी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐकलं.

"बहिणीच्या पोराला पाठव," म्हणाले. "आयटीआयला हाय. बघंल तरी."

नंबर घेतला आणि पाठवल्या. दोन निळ्या टिक आल्यात. पुढच्या महिन्यात टूलबॉक्ससाठी परत जायचंय, तेव्हा तो येणार का, ते अजून कळवलेलं नाही.